ईओटी क्रेन आणि चेन ब्लॉक: हुकापासून वर चढत केलेली तपासणी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: भोसरीच्या फॅब्रिकेशन शेडमध्ये ५ टनी सिंगल गर्डर ईओटी क्रेन (शेडच्या वर रेलवर विजेने चालणारी) आणि २ टनी चार चेन ब्लॉक (हाताने साखळी ओढून उचलायचे) आहेत. वर्षातून एकदा बाहेरचे तपासनीस येतात, लोड टेस्ट घेतात, सर्टिफिकेट देऊन जातात. मेंटेनन्सचं काम नुकतंच तुमच्याकडे आलं आहे, आणि मधल्या बारा महिन्यांत आपण काय बघायचं हे कुणी सांगत नाही. शिवाय ऑपरेटर म्हणतो, माल उतरवताना बटण सोडलं की हुक चार बोटं खाली येऊन मग थांबतो. हे चालतं का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. चालत नाही. हे वाचत असाल तेव्हा क्रेन चालू असेल तर हातातला माल जमिनीवर ठेवायला सांगा आणि मेन स्विच काढून कुलूप घाला. चार बोटं म्हणजे सात-आठ सेंटिमीटर. ऑपरेटरला त्याची सवय झाली आहे, म्हणून तो अंदाजाने बटण लवकर सोडतो आणि काम निभावतं. पण घसरण एका जागी थांबत नसते. आज चार बोटं आहे ती पुढच्या महिन्यात वीतभर होते, आणि एखाद्या दिवशी पूर्ण भाराला ब्रेक धरतच नाही.

घसरण्याची कारणं मोजकीच असतात. लायनर (ब्रेकचा घासून धरणारा थर) झिजून गॅप वाढलेला असतो. गिअरबॉक्सचं ऑइल सील गळून लायनरवर तेल आलेलं असतं. स्प्रिंग बसलेली असते. डीसी ब्रेक असेल तर आणखी एक गोष्ट बघा, जी फार जणांच्या लक्षात येत नाही: ब्रेकच्या कॉइलचा पुरवठा रेक्टिफायरच्या (एसीची डीसी वीज करणारा भाग) एसी बाजूने तोडला जातो की डीसी बाजूने? एसी बाजूने तोडला तर कॉइलमधला प्रवाह रेक्टिफायरमधूनच फिरत राहतो, चुंबक उशिरा सुटतो आणि ब्रेक उशिरा बसतो. कुणीतरी रेक्टिफायर बदलताना दोन वायरी वेगळ्या जोडल्या आणि तेव्हापासून हुक घसरायला लागला, असं मी दोनदा पाहिलं आहे. लायनर अगदी नवा होता. गॅप किती ठेवायचा ते ब्रेकच्या पुस्तिकेतून घ्या, अंदाजाने नट आवळू नका. जास्त आवळला की ब्रेक पूर्ण सुटत नाही, लायनर घासून जळतो, आणि पंधरा दिवसांत तुम्ही पुन्हा तिथेच येता. तेल लागलेला लायनर धुऊन वापरू नका, बदला.

भार हवेत असताना ब्रेक धरत नाही असं दिसलं तर काय करायचं, हे तुमच्या ऑपरेटरला आजच सांगून ठेवा. माणूस घाबरून लाल बटण दाबतो. त्याने वीज जाते, मोटरचा उरलासुरला आधारही जातो आणि माल सुटतो. आधी ओरडून माणसं बाजूला करायची आणि 'डाउन'चं बटण दाबून धरून माल मोटरवर खाली न्यायचा. इंडक्शन मोटर चालू असेपर्यंत भाराला तिच्या ठरावीक वेगापेक्षा फारसं पळू देत नाही. माल टेकला की मग वीज बंद. पेंडंट (क्रेनची लोंबती बटणपेटी) सुरुवातीला हातात देतानाच हे शिकवायला हवं. माझ्या अनुभवात दहातल्या नऊ जणांना ते कुणी सांगितलेलं नसतं.

आता तुमचा मोठा प्रश्न. सर्टिफिकेट हे त्या एका दिवसाचं असतं. १९४८च्या कारखाना कायद्याचं कलम २९ आमच्या धंद्यातल्या प्रत्येकाच्या तोंडी असतं: उचलण्याची यंत्रं, साखळ्या, दोर आणि टॅकल यांची सक्षम व्यक्तीकडून बारा महिन्यांतून किमान एकदा कसून तपासणी, त्यांच्यावर सुरक्षित भाराचा आकडा, आणि नोंदवही. कायद्याची नावं आणि कलमं बदलतात (हा कायदाही २०२५ मध्ये नव्या कामगार संहितेत गेला), पण त्या कलमातला 'किमान' हा शब्द लक्षात ठेवा. तपासनीस बारा महिन्यांत दोन तास तुमच्या क्रेनजवळ असतो. बाकी वेळ पेंडंट ज्याच्या हातात असतो तोच खरा तपासनीस. त्याला काय बघायचं ते शिकवणं हे तुमचं काम आहे.

मी सगळ्यांना एकच रीत सांगतो: भाराचा रस्ता धरा. माल हुकावर, हुक ब्लॉकवर (हुकाच्या वरचा पुलीचा संच), ब्लॉक दोरावर, दोर ड्रमवर, ड्रम ब्रेकवर, ब्रेक ट्रॉलीवर, ट्रॉली गर्डरवर, गर्डर चाकांवर, चाकं रेलवर. खालून वर चढत जायचं. यातली एक गोष्ट तुटली तर माल खाली येतो, म्हणून यातली एकही सोडायची नाही.

हुक नवा बसवला की त्याच्या तोंडाच्या दोन्ही बाजूंना एकेक बारीक पंच मारून घ्या आणि दोन खुणांमधलं अंतर व्हर्नियरने मोजून नोंदवहीत लिहा. तुमच्या हुकावर खुणा नसतील तर आज मारा, उशीर झाला तरी चालेल. पंच नेहमी टोकाकडे आणि शँककडे (हुकाच्या वरच्या दांड्याकडे) मारायचा, जिथे ताण कमी असतो. तळाच्या वाकावर कधीच नको. हुक उघडायला लागला की हे अंतर वाढतं आणि डोळ्याला दिसायच्या आधी व्हर्नियरला कळतं. अमेरिकेच्या एएसएमई बी-३०.१० मानकात पूर्वी तोंड १५ टक्के उघडलं तर हुक काढा असं होतं, नंतर ते ५ टक्क्यांवर आणलं. मी ५ टक्केच धरतो. खुणांमधलं अंतर ६० मिमी असेल तर ६३ला हुक उतरवायचा. उघडलेला हुक म्हणजे कधीतरी झालेल्या ओव्हरलोडचा किंवा टोकावर उचलल्याचा पुरावा असतो, तेव्हा हुक बदलून थांबू नका, दोर आणि ड्रमचा बोल्टही त्याच दिवशी बघा. तळाला स्लिंग घासून १० टक्के झीज झाली तरीही हुक बाद. हुक तापवून सरळ करणं, त्याच्यावर वेल्डिंगने लॅच (तोंड बंद ठेवणारी पट्टी) जोडणं, हे प्रकार फॅब्रिकेशन शेडमध्ये हमखास होतात कारण वेल्डर हाताशी असतो. तो हुक सरळ भंगारात, तेही कापून, नाहीतर कुणीतरी पुन्हा उचलून आणतो.

हुक हाताने फिरवून बघा. करकरला तर थ्रस्ट बेअरिंगमध्ये पाणी किंवा धूळ गेली आहे. आणि वर्षातून एकदा ब्लॉक उघडून नटाचं लॉकिंग बघा. तो नट झाकणात लपलेला असतो, म्हणून कुणी बघत नाही.

दोराबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण इथे सगळ्यात जास्त चुका होतात.

पहिली चूक मोजण्यातली. वायर रोप व्हर्नियरमध्ये दोन प्रकारे धरता येतो: स्ट्रँडच्या (दोरातल्या तारांच्या एकेका पेडाच्या) उंचवट्यांवर किंवा सपाट बाजूंवर. नेहमी उंचवट्यांवर, सर्वांत मोठं माप येईल तसा धरायचा. दुसरी चूक तुलनेतली. १२ मिमीचा नवा दोर प्रत्यक्षात १२.४ असू शकतो, कारण नव्या दोराला थोडी जास्तीची सूट असते. तुम्ही आज १२.० मोजलं आणि खूश झालात, तर तो प्रत्यक्षात झिजलेला आहे. म्हणून नवा दोर बसवून थोडा चालल्यावर पहिलं माप लिहून ठेवा आणि पुढची तुलना त्याच्याशीच करा. मी ७ टक्के घट आली की दोर उतरवतो. १२.४च्या दोराला म्हणजे साधारण साडेअकरा मिमी. एका जागी अचानक बारीक झाला असेल तर टक्के बघायचेच नाहीत. आतला गाभा तुटलेला असतो.

तुटलेल्या तारा मोजताना एक लांबी ठरवून घ्यावी लागते. एक स्ट्रँड दोराभोवती एक पूर्ण वेढा घेतो ती लांबी म्हणजे एक ले. १२ मिमीच्या दोराला ती साधारण ७५ ते ८० मिमी येते. एएसएमई बी-३०.२ प्रमाणे एका लेमध्ये इकडेतिकडे विखुरलेल्या १२ तारा, किंवा एकाच स्ट्रँडमध्ये ४ तारा तुटल्या असतील तर दोर बाद. पण दोन स्ट्रँडच्या मधल्या खाचेत एक जरी तार तुटलेली दिसली तर मी बाकीचं मोजत बसत नाही. बाहेरच्या तारा घासून तुटतात. खाचेतल्या आतून थकून तुटतात आणि दिसते एक तेव्हा आत आणखी असतात.

पूर्ण दोर बघायचा म्हणजे हुक खाली नेऊन, भार काढून, वीज तोडून, चामड्याचे हातमोजे घालून, दोर कापडात हलक्या हाताने धरून बघायचा. जिथे कापड अडकतं तिथे तार तुटली आहे. वाळलेलं ग्रीस आणि ग्राइंडिंगची धूळ यांचा थर जमला असेल तर आधी तो ब्रशने काढा, नाहीतर तुम्ही दोर बघत नसून मळ बघत आहात. आणि आता तीन जागा, जिथे बहुतेक जण बघतच नाहीत. एक, ड्रमवरचा शेवटचा क्लॅम्प: हुक पूर्ण खाली गेला तरी ड्रमवर किमान दोन वेढे उरलेच पाहिजेत. दोन, वेज सॉकेटमधून (दोराचं टोक पाचरीने धरणारा भाग) दोर बाहेर पडतो ती जागा. तीन, इक्वलायझर पुली. चार फॉलच्या (दोराचे चार पदर असलेल्या) होइस्टमध्ये ही पुली जवळजवळ फिरत नाही, म्हणून सगळे समजतात की तिथे झीज नाही. पण दोराचा तोच तुकडा वर्षानुवर्षं त्याच पुलीवर वाकून, प्रत्येक उचलीला थोडा थोडा हलत राहतो. तिथे ग्रीस पोहोचत नाही, ओल मात्र पोहोचते. बाहेरून चांगला दिसणारा दोर मी तिथे हाताने वाकवल्यावर चार तारा उभ्या राहिलेल्या पाहिल्या आहेत. शिडी लावा, पुलीवरून दोर थोडा सरकवा आणि बघा.

वरचा लिमिट स्विच, म्हणजे ब्लॉक फार वर गेला की होइस्ट थांबवणारा. रोज पाळीच्या सुरुवातीला, हुकावर काही नसताना, ब्लॉक हळूहळू, टप्प्याटप्प्याने वर नेऊन तो पुरवठा तोडतो का ते बघायचं. यात अर्धं मिनिटसुद्धा जात नाही. आणि ऑपरेटर रोजच्या कामात लिमिटवर नेऊन थांबवत असेल तर ती सवय मोडा. लिमिट हा शेवटचा उपाय आहे, रोजचा ब्रेक नाही.

याच स्विचबद्दल एक प्रसंग. बऱ्याच वर्षांपूर्वी एका शेडमध्ये, जून महिन्यात, ट्रान्सफॉर्मरचं काम झालं आणि केबल जोडताना दोन फेजची अदलाबदल झाली. सकाळी पहिल्या ऑपरेटरने 'डाउन' दाबलं. हुक वर जायला लागला. त्याला वाटलं, आपण चुकीचं बटण दाबलं की काय, आणि गोंधळून तो दाबूनच राहिला. ब्लॉक वर जाऊन लिमिटच्या दांड्याला लागला, लिमिटने आपलं काम केलंसुद्धा, पण मोटर थांबली नाही. कारण लिमिट 'अप'च्या कॉन्टॅक्टरचा (मोटरला वीज जोडणारा स्विच) पुरवठा तोडतो, आणि त्या वेळी चालू होता 'डाउन'चा कॉन्टॅक्टर. ब्लॉक ड्रमवर आदळला, दोर तुटला, आणि पन्नास-साठ किलोचा ब्लॉक दोन माणसांच्या मधोमध जमिनीवर पडला. कुणाला ओरखडाही आला नाही, पण त्या दोघांचे चेहरे मी आजही विसरलेलो नाही. तेव्हापासून वीजपुरवठ्याचं कुठलंही काम झालं की मी स्वतः उभा राहून पहिलं बटण दाबतो, तेही अर्धा सेकंद. पॅनेलमध्ये फेज उलटली तर मेन कॉन्टॅक्टरच लागू न देणारा रिले असतो. तुमच्यात तो आहे का बघा, आणि असेल तर कुणी त्याला बायपास केलेला नाही ना तेही बघा. उलट फेजवरही काम करणारा, थेट मोटरचा पुरवठा तोडणारा दुसरा लिमिट बसवता आला तर फारच उत्तम.

लाल बटणही रोज सकाळी दाबून बघा. मेन कॉन्टॅक्टर पडल्याचा आवाज आला पाहिजे आणि त्यानंतर कुठलंही बटण चालता कामा नये.

ट्रॉली, गर्डर आणि रेलवर मी थोडक्यात लिहितो, कारण इथलं बिघडणं सावकाश असतं आणि दिसतं. चाकांच्या कडा एकाच बाजूने चमकत असतील किंवा रेलच्या कडेला लोखंडाचा चुरा पडत असेल तर क्रेन तिरकी चालते आहे. रेलचे क्लिप-बोल्ट, शेवटचे स्टॉपर आणि बफर महिन्यातून एकदा. पेंडंटच्या केबलचं वजन केबलवर न येता तिच्या सोबतच्या तारेवर येतं ना, हेही. वर चढायच्या आधी वीज तोडून कुलूप, किल्ली चढणाऱ्याच्या खिशात, आणि कमरेचा पट्टा नव्हे, पूर्ण अंगाचा हार्नेस. बाजूच्या रेलवर दुसरी क्रेन असेल तर तीही थांबवा. कलम २९ मध्येच लिहिलं होतं की क्रेनच्या रस्त्याजवळ माणूस काम करत असेल तर क्रेन त्याच्या ६ मीटरच्या आत येता कामा नये.

आता चेन ब्लॉक. ईओटी क्रेनची थोडीफार तरी काळजी घेतली जाते. चेन ब्लॉक मात्र कोपऱ्यात पडलेला असतो, चिखलातून ओढला जातो, आणि गरज लागली की कुणीही उचलतो. त्या कायद्याच्या व्याख्येत पुली ब्लॉक क्रेनच्याच यादीत लिहिलेला होता. एका ठिकाणी मला सहा ब्लॉकची सहा सर्टिफिकेटं दाखवली. ब्लॉक पाचच सापडले. त्यातल्या तिघांवर नंबरच नव्हता, म्हणजे कुठला कागद कुणाचा ते सांगताच येत नव्हतं. म्हणून तुमच्या चारही ब्लॉकवर नंबर ठोका, हुकावर नाही, बॉडीच्या प्लेटवर.

चेन ब्लॉकच्या पोटात जो ब्रेक असतो तो भारानेच आवळला जातो: भार स्क्रूवर चकती दाबतो, मध्ये घर्षणाच्या चकत्या आणि रॅचेट (एकाच दिशेने फिरू देणारं दातेरी चाक). याचे दोन परिणाम होतात. पहिला असा की रिकाम्या हुकावर हा ब्रेक तपासताच येत नाही, काहीतरी वजन हवं. दुसरा, बहुतेक बनावटींत या चकत्या कोरड्या ठेवायच्या असतात. ब्लॉक जड चालतो म्हणून कुणी हौसेने झाकण उघडून आत ग्रीस भरलं, तर त्याने ब्रेकच काढून टाकला असं समजा. तेल चेनला द्यायचं, ब्रेकला नाही. वर उचलताना रॅचेटचा टक-टक आवाज आला पाहिजे, स्वच्छ आणि एकसारखा. आवाज नाही किंवा मध्येच गाळतो, तर पॉल (रॅचेटच्या दातात अडकणारी खुंटी) किंवा त्याची स्प्रिंग गेली. उतरवताना आवाज नसतो, त्याची काळजी नको.

भार १५ सेंटिमीटर उचला, खडूने उभ्या खांबावर खूण करा, पाच मिनिटं थांबा. खूण सरकली तर ब्लॉक बाजूला.

चेन मोजताना एकेक कडी मोजत बसू नका, ११ पिच (एका कडीची आतली लांबी म्हणजे एक पिच) एकत्र मोजा. ८ मिमी जाडीची २४ मिमी पिचची चेन असेल तर ११ पिच म्हणजे २६४ मिमी. बनवणाऱ्याची पुस्तिका असेल तर तिच्यातला आकडा. नसेल तर मी २ टक्के धरतो, म्हणजे २६९च्या पुढे गेली की चेन बाद. दोन कड्या एकमेकींवर घासतात तिथली जाडी १० टक्क्यांनी घटली, ८ची ७.२ झाली, तरी बाद. लांबलेली चेन लोड व्हीलच्या खाचेत नीट बसत नाही, उडी मारते, आणि त्या धक्क्याने पुढचं सगळं होतं. तुटलेल्या जागी वेल्डिंग, बोल्ट, बाजारातली साधी साखळी यातलं काहीही नको. होइस्टची चेन मापात काटेकोर केलेली असते, डोळ्याला सारखी दिसणारी दुसरी चेन तिची जागा घेऊ शकत नाही.

दोन फॉलच्या ब्लॉकमध्ये खालचा हुक चेनच्या फेऱ्यातून उलटा निघाला की चेनला पीळ बसतो. उचलायच्या आधी कड्यांच्या जोडाची रेघ वरपासून खालपर्यंत सरळ आहे का ते नजर टाकून बघायचं. आणि २ टनी ब्लॉकची हातचेन ओढायला दुसरा माणूस मदतीला बोलवावा लागला, तर तिथेच थांबा. तो ब्लॉक एका माणसाच्या ताकदीसाठीच बनवलेला आहे. दोघं लागतात म्हणजे भार जास्त आहे किंवा आत काहीतरी अडकलं आहे.

ब्लॉक कशाला टांगला आहे हेही तपासणीतच येतं. छताच्या अँगलला किंवा पर्लिनला टांगलेला ब्लॉक कितीही चांगला असला तरी उपयोग नाही.

आता लोड टेस्ट. तुमचे मालक दरवर्षी १२५ टक्क्यांवर करा म्हणतात, असं तुम्ही लिहिलं आहे. हेतू चांगला आहे, पण मी तसं करत नाही. २५ टक्के जादा भार नवी क्रेन उभारल्यावर किंवा मोठी दुरुस्ती झाल्यावर. दरवर्षी जादा भार देऊन तुम्ही हुक आणि वेल्ड थकवत असता. वार्षिक चाचणी नेमून दिलेल्या भारावर पुरते, पण दोर, हुक आणि ब्रेक आधी डोळ्यांनी पूर्ण तपासल्यावरच. कुजलेला दोर चाचणीत तुटला म्हणजे चाचणीने काम केलं, असं होत नाही. १ ऑगस्ट २०२० रोजी विशाखापट्टणमच्या हिंदुस्तान शिपयार्डमध्ये ७० टनी क्रेन चाचणीच्या वेळीच कोसळली आणि ११ माणसं गेली. चाचणीच्या वेळी क्रेनखाली आणि आजूबाजूला कुणीही नको, पेंडंटवाला सोडून. शेडचा तो भाग दोरी लावून बंद करा, शक्यतो सुट्टीच्या दिवशी घ्या.

वजन म्हणून अंदाजाचं भंगार टांगू नका. प्लेटा वजनकाट्यावर तोलून घ्या, पावती नोंदवहीत चिकटवा. माल २० सेंटिमीटरच्या वर नेऊ नका. आधी जागेवर धरून बघा, मग थोडा उतरवून मध्येच थांबवा, कारण उतरवताना ब्रेकवर सर्वांत जास्त ताण येतो आणि तुमची चार बोटं तिथेच दिसतील. नवा लायनर बसवल्यावर घसरण किती राहिली ती मिलिमीटरमध्ये लिहा आणि दर महिन्याला त्याच भारावर पुन्हा मोजा. मग माल उतरवा, हुकाच्या दोन पंचांमधलं अंतर परत घ्या आणि सकाळच्या आकड्याशेजारी लिहून ठेवा.